कौलं आली बंदरावरून

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याच्या आगेमागे फार्महाऊस आणि ढाब्यांची रांग लागते. त्यातल्या पुष्कळांच्या फाटकाशी बैलगाडीचं एक चाक टेकवून ठेवलेलं असतं. त्याला लाल-पिवळा ऑइलपेंट फासलेला असतो. एखाद्यानं तर मधल्या तुंब्यात विजेचा दिवाही बसवलेला असतो. शहरातून आलेली मंडळी त्या चाकाला हात लावून फोटो काढून घेतात. मला त्या रंगवलेल्या चाकाचं पुष्कळ वर्षं हसू येत असे. आता येत नाही. ते का, हे सांगायचं तर आधी आमच्या पनवेलच्या घरांची, आणि थोडी आमच्या स्वतःच्या घराची हकिकत सांगावी लागेल.

चाकापासूनच सुरुवात करतो, कारण पनवेल एके काळी चाकांचं गाव होतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाकं तयार करण्याचा उल्लेख आहे. देशावरून आलेला गाडीवान इथून चाकांची जोडी विकत घेऊन जातो, असंही त्यात म्हटलं आहे. चाक म्हणजे सुताराची आणि लोहाराची भागीदारी. सुतारानं तुंबा करायचा, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर लाकडी घेर चढवायचा. मग लोहारानं लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लालभडक तापवायची, ती घेरावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळं चाक आवळून एकजीव होई.

हा धंदा इथंच का वाढला, याचं उत्तर नकाशात आहे. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस पूर्वी गलबतात बसून पनवेल बंदराला उतरे आणि तिथून बोरघाटाची वाट धरी. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत हा घाट चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला. वरून धान्य, गूळ उतरे. खालून मीठ, तांदूळ, सुकी मासळी चढे. घाट उतरून आलेल्या गाडीची चाकं खिळखिळी व्हायची, आणि नेमकं तिथंच पनवेलचा सुतार दुकान मांडून बसलेला असे. गाव इतकं चालतं-बोलतं होतं, की १८५२ मध्येच इथं नगरपालिका झाली. पुढं १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण-कर्जतवरून गेली, पनवेलला वगळून. घाटाची वाट रुळांनी पळवली. बंदर मात्र राहिलं, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं येणारी गलबतंही राहिली.

घराचं रूप मालकाच्या हौसेनं किंवा ऐपतीनं बदलतं, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही. पण पनवेलात मला दिसलं ते असं, की आधी गावाची वाट बदलते आणि तिच्या मागोमाग घराचं रूप बदलतं. कौलं, फरशी, सिमेंट, यातली प्रत्येक वस्तू कुठून तरी कुठल्या तरी वाटेनं आली. ती वाट सापडली, की घराचा इतिहास सापडतो.

आता आमच्या घराकडे वळू. ते आमच्या आजोबांनी बांधलेलं नव्हतं. १९५०च्या दशकात त्यांनी ते एका बेने इस्रायल कुटुंबाकडून विकत घेतलं. रायगड जिल्ह्यातल्या श्रोत्यांना हे लोक ठाऊक असतील. शतकानुशतकं कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे हे ज्यू. शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पनवेलचं त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९चं आहे. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही वर्षांत कोकणातली अनेक कुटुंबं घरदार विकून तिकडे गेली. त्यांतलंच हे एक. आजोबा बंदरावर गलबतांच्या मालाचा हिशेब ठेवत. घर बंदरापासून पायी अंतरावर होतं, तेवढं त्यांना पुरलं.

त्या घराचं छप्पर मंगलोरी कौलांचं होतं. त्याआधी ते कसलं असेल, हे आमच्या आळीतल्या इतर घरांवरून कळे. गरिबाच्या घरावर पेंढा किंवा गवत, आणि जरा बऱ्या घरावर कुंभारानं चाकावर घडवलेली नळीची कौलं. ती अर्धगोल कौलं हलकी आणि सुटी. कावळा बसला, माकड उडी मारून गेलं, की सरकायची. म्हणून दर वर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागे. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, पुन्हा लावायची. वैशाखात अख्खं गाव छपरावर चढलेलं असे.

मंगलोरी कौलानं हे चित्र पालटलं. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातल्या मिशनची माणसं मंगळूरला धर्मप्रचार करत होती. बाटलेल्या माणसांना जातीचा धंदा उरत नसे, तेव्हा त्यांच्या पोटापाण्यासाठी मिशननं विणकामाचे माग काढले आणि १८६५ मध्ये नेत्रावती नदीकाठी कौलांचा कारखाना सुरू केला. प्लेब्स्ट नावाचे मिशनरी त्याच्या मुळाशी होते. कौलाचा घाट फ्रान्सकडचा, एकात एक अडकणारा, माती मंगळूरची. ही कौलं साच्यातली, सगळी एकसारखी. ती वाऱ्यानं सरकत नाहीत आणि शाकारणीचं कामही पुष्कळ वाचवतात. बघता बघता मंगळुरात स्थानिक लोकांचे कारखानेही उभे राहिले. एवढं वजनदार सामान दूरवर न्यायला समुद्रासारखी स्वस्त वाट नाही. गलबतं भरभरून कौलं उत्तरेकडे आली आणि सगळ्या कोकणपट्टीचं छप्पर तांबडं झालं.

आज आपण ‘अस्सल कोकणी घर’ म्हणून ज्याचं चित्र काढतो, त्याचं ते तांबडं छप्पर फ्रान्सचा घाट, स्विस मिशन आणि मंगळूरची माती यांच्या मिलाफातून झालेलं आहे. नळीची कौलं करणाऱ्या कुंभारांना त्या काळी काय वाटलं असेल, याचा विचार मी लहानपणी कधी केला नाही. मी कौलांवर वाचायला शिकलो. आमच्या माळ्यावर चढलं की कौलांच्या आतल्या बाजूला कारखान्याची उठावाची इंग्रजी अक्षरं दिसत. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच मी बोट फिरवून मंगळूरची अक्षरं गिरवली होती. माजघरावर एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडे. तो सरकत सरकत पाटा-वरवंट्यापाशी आला, की दादी वजू करायला उठे. मशिदीची बांग तिच्या मागून ऐकू यायची.

घराच्या पुढच्या दाराला सागवानी चौकट होती. बाहेरून आत येताना उजव्या हाताच्या खांबावर, खांद्याच्या उंचीला, दोन बारीक भोकं होती. एक जरा वर, एक जरा खाली, तिरप्या रेघेत. ज्यूंच्या घरी दाराच्या उजव्या खांबाला एक छोटी नळी ठोकलेली असते. तिला मेझुझा म्हणतात. तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळी हातानं लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो. जाता-येता तिला हात लावून तो ओठांना लावायचा. घर सोडून जाताना त्या कुटुंबानं ती नळी बरोबर नेली. खिळ्यांची भोकं तेवढी राहिली.

दर दोन-तीन वर्षांनी ईदच्या आधी रंगारी येई. चौकटीला ऑइलपेंट द्यायच्या आधी तो लांबी भरून सगळ्या चिरा, भोकं बुजवी. दादी तेवढ्यापुरती दाराशी खुर्ची टाकून बसे. “ती दोन भोकं बुजवू नको,” म्हणे. रंगाऱ्याला ते विचित्र वाटे. एकदा त्यानं विचारलंच. दादी म्हणाली, “घर विकलं त्यांनी. दुवा नाही विकला.” चौकटीचा रंग हिरव्याचा चॉकलेटी झाला, पुढं पांढरा झाला, ती दोन भोकं जशीच्या तशी राहिली.

आता खाली, जमिनीकडे बघू. आमच्या घरात ओटीवर शहाबादी फरशी होती आणि माजघर, स्वयंपाकघर शेणानं सारवलेलं. शहाबादी फरशीची वाट रेल्वेची. १८७१ मध्ये मुंबईहून रायचूरपर्यंत लोहमार्ग पोचला. गुलबर्ग्याजवळचं शहाबाद त्याच मार्गावर आहे. तिथला चुनखडीचा दगड थराथरानं निघतो, त्यामुळं त्याच्या फरश्या सहज पडतात. रेल्वेमुळं हा करडा दगड महाराष्ट्राच्या घराघरांत, शाळांत, स्टेशनांवर पोचला. त्याहून हौशी लोक रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स बसवत. त्या सुरुवातीला विलायतेतून येत. १९२२ मध्ये सिधवा या पारशी कुटुंबानं स्वदेशीच्या भावनेनं भारत टाइल्स हा कारखाना काढला, तो आमच्या शेजारच्या उरणला. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या जिन्यांवर आणि दिवाणखान्यांत त्या टाइल्स आजही दिसतात.

सारवणाची जमीन मात्र कुठल्याच वाटेनं येत नाही. ती घरच्या बाईच्या हातानं दर आठवड्याला नव्यानं तयार होते. १९९०च्या दशकात, बी.ए. होऊन नुकता नोकरीला लागलो असताना, मी सारवणावर एक कविता लिहिली. बोटांच्या अर्धवर्तुळांच्या नक्षीवर, ओल्या वासावर. ती एका दिवाळी अंकात छापून आली. मी ती अम्माला वाचून दाखवली. तोवर आमच्या माजघरात फरशी येऊन काही वर्षं झाली होती. अम्मानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चांगली झालीये. कविता तुझी, कंबर माझी.”

मंडळी, हे वाक्य मी आजवर कुठल्या काव्यवाचनात सांगितलेलं नाही. जुन्या घराबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं ते चौकट करून टेबलावर ठेवावं असं आहे. शेण गोळा करायचं, कालवायचं, गुडघ्यावर बसून खोलीच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत मागं मागं सरकत यायचं. पावसाळ्यात जमिनीला ओल येई तेव्हा तर रोजचा त्रास. ज्यांनी सारवलं त्यांनी सारवणावर कविता केल्या नाहीत असं नाही, जात्यावरच्या ओव्यांत सगळं घर आलेलं आहे. पण फरशी आली त्या दिवशी अम्मा रडली नाही. ती जमिनीवर पाय पसरून बसली आणि हातानं फरशीचा गारवा बघत राहिली.

फरशी आली ती स्लॅबबरोबर. आणि स्लॅबची हकिकत आमच्या जिल्ह्याच्या राजकारणाशी जोडलेली आहे. तेव्हा सिमेंट नियंत्रित वस्तू होती. किंमत सरकार ठरवी, वाटप सरकार करी. साध्या माणसाला संडासाचं बांधकाम करायचं तरी परमिटसाठी खेपा घालाव्या लागत. आमच्याच जिल्ह्यातल्या आंबेत गावचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ मध्ये मिळालं. आणि सिमेंटच्या वाटपावरून झालेल्या आरोपांनंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. राज्याचा मुख्यमंत्री सिमेंटवरून जावा, इतकं ते दुर्मिळ होतं! पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारनं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. कोकणात स्लॅबची घरं का वाढली, याचं एक कारण या तारखांत आहे.

दुसरं कारण आखाती देशांत आहे. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव कडाडले, आखातात इमारती, रस्ते, बंदरं यांची कामं निघाली आणि कोकणातली तरुण पोरं तिकडे गेली. त्यांत कोकणी मुसलमानांची संख्या मोठी. ज्यांचे आजे-पणजे गलबतांवर तांडेल आणि खलाशी होते, त्यांची नातवंडं विमानानं कुवेत-दुबईला गेली. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात फिरा. घर बघून मालक कोणत्या साली परदेशी गेला ते ओळखता येतं. लोखंडी ग्रिलच्या गॅलऱ्या, गुलाबी-पोपटी रंग, दर्शनी भिंतीवर चकचकीत टाइल्स. शहरातली मंडळी त्या घरांना नाकं मुरडतात. मीही मुरडत असे. पण त्या रंगामागं एखाद्या माणसाची बापाच्या मयतीलाही न येता आलेली वर्षं असतात, हे मला आमच्या भाईमुळं कळलं.

भाई कुवेतला गेला आणि त्याच्या ड्राफ्टांवर १९८८ मध्ये आमच्या घरावर स्लॅब पडला. कौलं उतरवली, वासे विकले, काचेचं कौल उतरवताना फुटलं. पहाटेपासून कामगारांची रांग लागली, घमेली हातोहात वर गेली, संध्याकाळी सगळ्यांना बिर्याणी दिली. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी सोडलं. दादी अंगणात उभी राहून वर बघत होती. तिनं एवढंच विचारलं, की उन्हाचा चौकोन आता कुठून यायचा. भाईनं पुढच्या खेपेला तिला बांग देणारं घड्याळ आणून दिलं. पुढच्या दाराची चौकट मात्र तशीच ठेवली होती. दादीच्या धाकानं म्हणा, किंवा नव्या चौकटीचे पैसे वाचले म्हणून म्हणा.

स्लॅबनं शाकारणीच्या कटकटीतून सुटका केली, पण आमच्या भागात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सपाट स्लॅबवर पाणी थांबतं आणि थांबलेलं पाणी वाट शोधतं. पाच-सहा वर्षांत भिंतींना पोपडे धरले. मग आम्हीही सगळ्यांनी केलं तेच केलं. स्लॅबवर लोखंडी कैच्या उभ्या करून पत्र्याचं उतरतं छप्पर घातलं. आज कोकणात जाल तिथं स्लॅबवर पत्रा दिसेल. अलीकडे तर त्या पत्र्यावर कौलांचा घाट दाबून काढलेला असतो आणि रंगही तांबडा असतो. पावसानं आपलं म्हणणं शेवटी वदवून घेतलंच.

ही झाली एका घराची गोष्ट. अख्ख्या तालुक्याचं रूप पालटलं ते सिडकोमुळं. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी ठरल्या. भातशेती आणि मिठागरं गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मधल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गावठाणांत मात्र कुटुंबं वाढली आणि जागा तेवढीच राहिली, तेव्हा लोकांनी मिळेल तिथं मजले चढवले. त्यांना आमच्याकडे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. घराच्या रूपाला इतकं नेमकं नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

याच नव्या शहरात, बेलापूरला, कोरियांनी १९८०च्या दशकात एक वसाहत उभारली. आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ती ओळखली जाते. बैठी, उतरत्या कौलारू छपरांची घरं, सात-सात घरांमध्ये एक सामाईक अंगण. त्यात त्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. का? तर उद्या माणसाची ऐपत वाढेल, पोरं मोठी होतील, तेव्हा शेजाऱ्याला धक्का न लावता त्याला घर वाढवता यावं. लोकांनी ते वाढवलंही. मूळचं घर पाडून तिथं तीन मजले उभे केलेलेही बरेच आहेत. वास्तुकलेचे विद्यार्थी तिथं येतात आणि मूळ घरं किती उरली ते मोजतात. मीही एकदा असाच मोजत हिंडलो. मग वाटलं, राहणारा माणूस घर बदलणार, हे ज्यानं आधीच धरून चाललं होतं, त्याच्या वसाहतीत आपण हे काय मोजतोय?

वाटा तर येतच राहिल्या. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलला आली आणि त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. उलव्याचा डोंगर कापून, दहा गावं हलवून विमानतळ उभा राहिला. त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. पुन्हा एक बंदर, यंदा आकाशाचं. आणि वाट आली की घर बदलतं, या नियमाला आमचं घर अपवाद असण्याचं कारण नव्हतं.

२६ जुलै २००५च्या पुरात आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. खालच्या भिंती जुन्या, दगडमातीच्या. त्यांनी तेव्हाच मान टाकली होती. काही वर्षांपूर्वी आळीतल्या चार घरांनी मिळून जागा इमारतीसाठी द्यायचं ठरवलं. मी विरोध केला. वारशाबद्दल, ओळखीबद्दल घरच्यांपुढं बरंच बोललो. भाई काही बोलला नाही. आपा म्हणाली, “तू वाशीला राहतोस. इथं अम्मा राहते.” अम्माचे गुडघे गेले होते. ओटीच्या चार पायऱ्या उतरायला तिला दोन माणसं लागत. तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “त्या नव्या घरात लिफ्ट आहे ना? मग सही कर.”

मी सही केली.

पाडकामाचा करार झाला, त्यात जुनं लाकूड पाडणाऱ्याचं, असं कलम होतं. आम्ही कुणी ते नीट वाचलं नव्हतं. जुन्या सागवानाला फार मागणी असते. वाड्यांचे खांब दिव्यांच्या समया होतात, दारं आडवी होऊन चहाची टेबलं होतात. मी पोचलो तेव्हा आमची चौकट टेम्पोत चढलेली होती. त्या माणसाला मी हवे तर पैसे घे म्हणालो. तो म्हणाला, चौकट पुरी असली तरच तिला गिऱ्हाईक, आणि आमची एका बाजूनं वाळवीनं खाल्लेली असल्यामुळं ती तशीही कापायचीच होती. शेवटी त्यानं उजव्या खांबाचा हातभर तुकडा करवतीनं कापून माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

इमारत झाली. अम्मा पाचव्या मजल्यावर राहते. खिडकीतून खाडीची एक पट्टी आणि उतरणारं विमान तिला दिसतं. ती खूश आहे, हे सांगायला मला आता जड जात नाही. दिवाणखान्यात, बाहेरून येताना उजव्या हाताच्या भिंतीवर, मी तो लाकडाचा तुकडा लावायचं ठरवलं. स्टुलावर चढून खुणा करत होतो तेव्हा आपा म्हणाली, “त्या ढाब्यावरच्या चाकासारखं करतोयस.”

ती सहज बोलली, पण मी स्टुलावर तसाच थांबलो. खरंच होतं. रस्ता गेल्यावर चाक भिंतीला लागतं, घर गेल्यावर चौकट. फाटकाशी चाक टेकवणाऱ्या माणसालाही कदाचित एखाद्या गाडीची आठवण असेल. नसेलही. मी कधी उतरून विचारलं नव्हतं, नुसता हसलो होतो. त्या दिवसापासून हसणं बंद झालं.

दुपारी रंगारी आला. दूर देशातून आलेला, विशीतला मुलगा. भिंतीला शेवटचा हात द्यायचा होता. लाकडाचा तुकडा बघून त्यानं पत्र्याची पट्टी लांबीत बुडवली आणि मला म्हणाला, “साब, ये दो छेद भर दूँ?”

आतल्या खोलीतून, माझ्या आधी, अम्माचा आवाज आला. “नको. ती दोन भोकं बुजवू नको.”